सिम्युलेशनने न भागणारे : रासायनिक अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेच्या बाजूने

रासायनिक अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ज्या प्रयोगशाळेत काम करावे लागते, ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसारखी काचेच्या भांड्यांची नसते. तेथे वाफेचा बॉयलर असतो, माणसाच्या डोक्यावर जाणारा ऊर्ध्वपातन स्तंभ असतो, पंप, गाळणयंत्रे, उष्णता विनिमयक आणि या सर्वांना जोडणारे नळ व झडपा असतात. कारखान्यात जे टनांच्या प्रमाणात घडते ते येथे लिटरांच्या प्रमाणात, पण त्याच नियमांनी आणि त्याच अडचणींसह घडते. ही प्रयोगशाळा आता बंद करावी, निदान तिचे तास निम्मे करून त्या जागी सिम्युलेशन, म्हणजे प्रक्रियेची समीकरणे संगणकाकडून सोडवून घेऊन तिचे वर्तन पडद्यावर पाहण्याची पद्धत, आणावी, असा आग्रह अलीकडे वाढीला लागला आहे. प्रयोगशाळेचे काम वर्गात शिकवलेल्या सिद्धांताची पडताळणी करण्याचे आहे, ती पडताळणी संगणकावर स्वस्तात, धोक्याविना आणि हवी तितक्या वेळा करता येते, आणि उद्योगातील अभियंता तरी आज सिम्युलेशनच वापरतो, अशी या आग्रहाची मांडणी असते. केंद्र सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या व्हर्च्युअल लॅब्जसारख्या प्रकल्पांचा आणि कोविडच्या काळात घरबसल्या पार पडलेल्या प्रात्यक्षिकांचा दाखलाही त्यासाठी दिला जातो.

या मांडणीतील पहिले विधान चुकीचे आहे, आणि पुढची सगळी इमारत त्याच विधानावर उभी आहे. फूरियेचा उष्णतावहनाचा नियम किंवा वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याने पुन्हा पडताळून पाहावा, याची कोणालाच गरज नाही. ते नियम त्याच्या पडताळणीवाचून टिकून आहेत. त्याला शिकायचे असते ते वेगळेच : समोरच्या यंत्राने दाखवलेला कोणता आकडा खरा मानायचा, कोणता नाकारायचा आणि नाकारताना कोणता पुरावा द्यायचा. सिम्युलेशनमध्ये हा प्रश्न उद्भवूच शकत नाही, कारण तेथे प्रत्येक आकडा समीकरणातूनच आलेला असतो आणि म्हणून तो समीकरणाशी जुळतोच.

ही शाखाच मुळात कारखान्याच्या निरीक्षणातून जन्माला आली, याचा विसर या वादात सहज पडतो. जॉर्ज डेव्हिस यांनी १८८७ मध्ये मँचेस्टरला दिलेली व्याख्याने या शाखेच्या आरंभबिंदूंपैकी एक मानली जातात, आणि डेव्हिस हे इंग्लंडमधील अल्कली कारखान्यांची तपासणी केलेले निरीक्षक होते. साबण, साखर, आम्ल, रंग अशा भिन्न धंद्यांत गाळणे, वाळवणे, उकळवून वेगळे करणे, दळणे ही तीच ती मोजकी कामे पुन्हा पुन्हा येतात, हे त्या पाहणीतूनच लक्षात आले. आर्थर लिटल यांनी १९१५ मध्ये या मूलभूत कामांना ‘युनिट ऑपरेशन्स’ हे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपले विद्यार्थी थेट कारखान्यांत नेऊन शिकवणारी प्रॅक्टिस स्कूल सुरू केली. वॉकर, लुइस आणि मॅकअॅडम्स यांचे पायाभूत पाठ्यपुस्तक त्यानंतर, १९२३ मध्ये आले. आधी यंत्र, मग पुस्तक असा हा क्रम आहे. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला तोही शहरातील गिरण्या आणि रंग-रसायनांचा धंदा डोळ्यांसमोर ठेवून, आणि माटुंग्याच्या त्या संस्थेचा लौकिक तेथील प्रयोगशाळांशी जोडलेला राहिला. अर्थात एखादी गोष्ट जुनी आहे म्हणून ती राखावी, असा युक्तिवाद येथे नाही. या शाखेतील समीकरणे यंत्रांच्या वर्तनाचे संक्षेप म्हणून लिहिली गेली, आणि संक्षेप करताना काय गाळले गेले हे मूळ वस्तू पाहिल्याशिवाय कळत नाही, एवढाच या इतिहासाचा उपयोग आहे.

काय गाळले जाते, हे एका साध्या प्रयोगावर पाहता येईल. दुहेरी नळीचा उष्णता विनिमयक हे या प्रयोगशाळेतील बहुधा सर्वांत सोपे यंत्र : एका नळीत दुसरी नळी, आतून गरम पाणी, बाहेरच्या कंकणाकृती पोकळीतून थंड पाणी. असे धरावे की गरम पाणी मिनिटाला १० लिटर वाहते आहे आणि ते ६० अंश सेल्सिअसवरून ५० अंशांवर उतरते, तर थंड पाणी रोटामीटरनुसार मिनिटाला १२ लिटर वाहते आणि २८ अंशांवरून ३५ अंशांवर चढते. (रोटामीटर म्हणजे वर रुंद होत जाणारी उभी पारदर्शक नळी, तिच्यातला फ्लोट प्रवाहाच्या जोराने ज्या उंचीवर तरंगतो, ती उंची प्रवाह दाखवते.) हिशेब केला तर गरम पाण्याने गमावलेली उष्णता सुमारे ६.९७ किलोवॅट येते आणि थंड पाण्याने मिळवलेली सुमारे ५.८५ किलोवॅट. सुमारे १.१ किलोवॅट, म्हणजे जवळजवळ सोळा टक्के उष्णता ताळेबंदातून नाहीशी झालेली दिसते.

वर्षानुवर्षे जर्नलांमध्ये या जागी एक ठरलेले वाक्य लिहिले जाते : ‘वातावरणात झालेल्या उष्णताक्षयामुळे फरक आला.’ शिक्षक त्यावर सही करतात. पण यंत्रासमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला त्या नळीवर हात ठेवता येतो, आणि हात ठेवताच हे स्पष्टीकरण कोसळते, कारण बाहेरच्या नळीत थंड पाणी आहे आणि तिचा पृष्ठभाग खोलीच्या हवेपेक्षा जेमतेम काही अंशांनी गरम आहे. दीड मीटर लांब आणि पाच सेंटिमीटर व्यासाच्या अशा नळीतून स्थिर हवेत जाणारी उष्णता ढोबळमानाने दहा-पंधरा वॅट निघते. हजाराहून अधिक वॅटचा फरक तिच्या माथी मारता येत नाही. तेव्हा शोध घ्यावा लागतो. तापमापी वाचण्याआधी यंत्र स्थिर अवस्थेला, म्हणजे कोणतेच तापमान वेळेनुसार बदलत नाही अशा अवस्थेला, पोहोचले होते का? तापमापीच्या खोबणीत तेल आहे का, की तिचा बल्ब कोरड्या हवेत लटकतो आहे? थंड बाजूची तापमानवाढ केवळ सात अंशांची असल्याने तेथे एका अंशाची चूक म्हणजे उष्णतेत एक सप्तमांशाची चूक, हे येथे पहिल्यांदा अंगावर येते. शेवटी कोणीतरी बादली आणि स्टॉपवॉच घेऊन थंड पाण्याचा प्रवाह प्रत्यक्ष मोजतो आणि तो १२ नसून १४ लिटर निघतो. मागच्या दुरुस्तीत मूळच्यापेक्षा जड फ्लोट बसवला गेला असेल, तर रोटामीटर असेच कमी दाखवील. नव्या आकड्याने थंड बाजूची उष्णता ६.८३ किलोवॅट येते आणि ताळेबंद दोन टक्क्यांच्या आत मिटतो.

या तासाभरात उष्णतावहनाविषयी नवे काहीच शिकले गेले नाही, हे विरोधकांना सहज दाखवता येईल, आणि ते खरेही आहे. शिकले गेले ते असे की ताळेबंद हे परीक्षेतील गणित नसून मोजमापांची झडती घेण्याचे साधन आहे. सोयीचे स्पष्टीकरण आधी परिमाणाच्या कसोटीवर घासून पाहावे लागते. आणि संशय आला तर दुसऱ्या, स्वतंत्र रीतीने मोजावे लागते. याच विनिमयकाचे सिम्युलेशन चालवले असते तर दोन्ही बाजूंची उष्णता शेवटच्या दशांशापर्यंत जुळली असती आणि बादली उचलण्याचे कारणच पडले नसते.

हा गुण किती गंभीर प्रसंगी लागतो, याचे उदाहरण २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात घडले. तेथील एक ऊर्ध्वपातन स्तंभ बंद अवस्थेतून पुन्हा सुरू केला जात होता. सुमारे तीन तास त्यात द्रव आत सोडला जात होता आणि तळातून बाहेर काहीच काढले जात नव्हते. पातळीमापक स्तंभाच्या अगदी तळाच्या भागापुरताच वाचू शकत होता, शिवाय तो चुकीच्या घनतेसाठी जुळवलेला होता. म्हणून प्रत्यक्षात ५२ मीटर उंचीच्या त्या स्तंभात द्रव ४८ मीटरच्या आसपास चढला असताना पडद्यावर मात्र पातळी ३ मीटरच्या खाली आणि उतरत असलेली दिसत होती. थेट पातळी पाहण्याची काचनळी मळून निकामी झाली होती. आत जाणारा प्रवाह एका पडद्यावर आणि बाहेर पडणारा दुसऱ्या पडद्यावर दिसे. दोहोंची वजाबाकी कोठेच मांडलेली नव्हती. द्रव वरून ओसंडला, वाफेचा ढग पेटला आणि १५ माणसे मेली, १८० जखमी झाली.

या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने मूळ दोष कंपनीच्या व्यवस्थेवर ठेवला आहे : कापलेले खर्च, टाळलेली दुरुस्ती, सलग आठवडेच्या आठवडे बारा-बारा तासांच्या पाळ्यांनी थकलेली माणसे. चांगल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेने हा अपघात टळला असता, असे म्हणणे त्या मृतांवर आणि त्या कामगारांवर अन्याय करणारे ठरेल. पण जो प्रश्न त्या सकाळी विचारला जायला हवा होता, ‘इतके आत गेले, बाहेर काहीच आले नाही, मग ते आहे कोठे?’, तो विनिमयकासमोर बादली उचलणाऱ्या विद्यार्थ्याचाच प्रश्न आहे. तो प्रश्न आणि त्याचे उत्तर शोधण्याची सवय पदवीच्या काळात लागत नसेल, तर पुढे पडदे आखणाऱ्या, मापके निवडणाऱ्या आणि दुरुस्तीच्या खर्चावर सही करणाऱ्या अभियंत्यांत ती कोठून यावी?

येथे विरोधकांच्या हाती एक खरा मुद्दा आहे. त्याच मंडळाच्या अहवालात अशीही त्रुटी नोंदवली आहे की कारखान्यात अपवादात्मक परिस्थितीचा सराव करण्यासाठी सिम्युलेटर उपलब्ध नव्हते. जे प्रसंग प्रत्यक्ष घडवणे प्राणघातक आहे, त्यांचा सराव सिम्युलेटरवरच व्हायला हवा, हे निर्विवाद आहे. मात्र तो सिम्युलेटर ज्यांच्यासाठी मागितला गेला, ती माणसे रोज पाळी संपवून त्याच स्तंभाजवळून चालत जाणारी होती. पडद्यावरची रेघ कोणत्या झडपेची आणि तिचा आवाज कसा, हे त्यांना ठाऊक होते. शिवाय असा सिम्युलेटर तयार करणाऱ्याला यंत्र कसकसे बिघडते हे आधी माहीत असावे लागते. ज्या विद्यार्थ्याने एकही खरे यंत्र बिघडताना पाहिलेले नाही, त्याला सिम्युलेटर देणे आणि अनुभवी चालकाला तो देणे, या दोन गोष्टी एकच समजून चालणार नाही.

दुसरा आक्षेप याहून अधिक विचार करायला लावणारा आहे. ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीत मिलो कोरेत्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या चकत्यांवर पातळ थर चढवणाऱ्या रिअॅक्टरची एक आभासी प्रयोगशाळा उभारली. तीत प्रत्येक चाचणीचा खर्च विद्यार्थ्यांच्या खात्यावर पडतो आणि मोजमापांत मुद्दाम चूक मिसळलेली असते. तिच्यात विद्यार्थी प्रयोगाची आखणी करण्यावर आणि संदिग्धतेशी झुंजण्यावर अधिक विचार करतात, तर नेहमीच्या प्रत्यक्ष प्रयोगशाळेत दिलेली कृती पार पाडण्यावर त्यांचे लक्ष राहते, असे या गटाला आढळले. हा निष्कर्ष टाळून चालणार नाही. पण त्यातून प्रत्यक्ष यंत्राची कमतरता सिद्ध होत नाही. कृती हातात ठेवून विद्यार्थ्याकडून निर्णय काढून घेतला की यंत्र खरे असो वा आभासी, शिक्षण उणेच राहते, हे सिद्ध होते. आणि त्या आभासी मोजमापातली चूक निर्मात्याने संभाव्यतेच्या वितरणातून उचललेली असते. अधिक वाचने घेऊन सरासरी काढली की ती विरते. रोटामीटरमधला जड फ्लोट हजार वाचने घेतली तरी तीच चूक तशीच दाखवत राहतो. त्या चुकीला कारण असते, ते शोधता येते आणि पाना घेऊन दूरही करता येते. संख्याशास्त्रीय चूक आणि सकारण चूक यांतला हा भेद पडद्यावर शिकवणे फार कठीण आहे.

इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाचा मुद्दा विद्वत्तेच्या चर्चेत कमीपणाचा मानला जातो, पण तो वगळण्याचे कारण नाही. अभियांत्रिकी प्रयोगशाळेची उद्दिष्टे ठरवण्यासाठी २००२ मध्ये सॅन दिएगो येथे झालेल्या विचारविनिमयातून तेरा उद्दिष्टांची यादी निघाली. फायसेल आणि रोझा यांच्या २००५ मधील लेखामुळे सर्वत्र पोहोचलेल्या त्या यादीत प्रतिमाने आणि विश्लेषण यांच्या जोडीने अपयशातून शिकणे आणि इंद्रियांनी जाणणे हीही उद्दिष्टे आहेत. पॅक्ड कॉलममध्ये, म्हणजे चिनीमातीच्या किंवा धातूच्या कड्यांनी भरलेल्या स्तंभात, वरून पाणी आणि खालून हवा सोडून हवेचा वेग वाढवत नेला, तर एका मर्यादेनंतर पाणी खाली उतरेनासे होते आणि कड्यांवर साचू लागते. मॅनोमीटरमधील रेघ, जी आतापर्यंत मिलिमीटरांनी सरकत होती, ती एकदम उसळते, स्तंभातून खळखळाट ऐकू येतो आणि माथ्यावर पाण्याचा थर उकळल्यासारखा उसळताना दिसतो. या घटनेला फ्लडिंग म्हणतात. पुस्तकात ती आलेखावरील एक वळण आहे. ज्याने ती पाहिली, त्याला त्या वळणाच्या थोडे आधी स्तंभाचा आवाज बदलतो हेही कळते, आणि झडप किती हळू फिरवायला हवी हेही. पुढे तारापूर, पाताळगंगा किंवा लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला असा स्तंभ बिघडला, तर दूरध्वनीवर चालक जे वर्णन करतो त्याचा अर्थ लावणे याच ज्ञानावर अवलंबून असते.

प्रात्यक्षिके आज ज्या रीतीने चालतात, त्या रीतीचा बचाव मात्र या लेखात नाही, आणि प्रयोगशाळेच्या समर्थकांनी तो करूही नये. एका सत्रात दहा-बारा प्रयोग, आठ-दहा जणांचा गट, त्यात दोघे झडपा फिरवणारे आणि बाकीचे वाचने उतरवून घेणारे, वाचने ‘बरोबर’ यावीत म्हणून मागच्या वर्षीच्या जर्नलातून उचललेली, आणि तोंडी परीक्षेत विचारली जाते ती केवळ व्याख्या : हे चित्र महाराष्ट्रातील कितीतरी महाविद्यालयांत ओळखीचे आहे. ज्या विद्यार्थ्याचे उत्तर सिद्धांताशी जुळत नाही, त्याचे गुण कापले जातात, म्हणून तो ते जुळवून घेतो. खोटी वाचने लिहिण्याचे हे प्रशिक्षण आहे, आणि औषधनिर्मितीच्या कारखान्यात बॅचच्या नोंदी पुढे याच माणसांच्या हाती येतात. परंतु जे प्रात्यक्षिक नीट घेतले जात नाही ते बंद करावे, हा निष्कर्ष यातून निघत नाही. सहा प्रयोग ठेवावेत आणि प्रत्येकाला दोन आठवडे द्यावेत. कृतीचा कागद देण्याऐवजी प्रश्न द्यावा, ‘हा विनिमयक मिनिटाला २० लिटर पाणी ४० अंशांपर्यंत तापवू शकेल का?’ अशा रूपाचा; पहिल्या आठवड्यात गटाने आखणी आणि धोक्यांचा विचार लेखी मांडावा, दुसऱ्यात प्रयोग करावा; आणि ज्याचा ताळेबंद मिटला नाही पण का मिटला नाही हे ज्याने पुराव्यानिशी दाखवले, त्याला जुळवून आणलेल्या उत्तरापेक्षा अधिक गुण मिळावेत. आखणीच्या आठवड्यात सिम्युलेशन जरूर वापरावे. प्रयोगाआधी अपेक्षा बांधण्यासाठी त्याच्याइतके चांगले साधन नाही, आणि अपेक्षा आधी लिहून ठेवली असेल तरच यंत्राने दिलेले वेगळे उत्तर डोळ्यांत भरते.

कोविडच्या काळातील दाखल्याला फार उत्तर द्यावे लागत नाही. त्या तुकड्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या हे खरे, पण त्या परीक्षांनी यंत्र हाताळण्याची क्षमता मोजलीच नव्हती. जे मोजले नाही ते कमी झाले नाही, असे म्हणता येत नाही. सुरक्षेच्या आक्षेपालाही तेवढेच थोडक्यात उत्तर पुरे आहे : वाफ आणि ज्वलनशील द्रव विद्यार्थ्याच्या आयुष्यात येणारच आहेत, आणि त्यांची पहिली भेट देखरेखीखाली पाच लिटरच्या भांड्याशी व्हावी की पहिल्या नोकरीत पाच हजार लिटरच्या रिअॅक्टरशी, एवढाच पर्याय उपलब्ध आहे. भांडे मोठे होते तसतशी उष्णता निर्माण करणारे आकारमान घनाने वाढते आणि उष्णता बाहेर काढणारा पृष्ठभाग केवळ वर्गाने, त्यामुळे पाच लिटरमध्ये जी चूक हाताळता येते ती पाच हजार लिटरमध्ये हाताळता येईलच असे नाही.

राहतो खर्चाचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. बॉयलरची तपासणी, गंजलेले नळ, बदलायच्या गॅस्केट, वाया जाणारे द्रावक या सगळ्याला दरवर्षी पैसा लागतो. पण प्रयोगशाळा बंद पडतात त्या बहुतेक वेळा यंत्रांच्या किमतीमुळे नव्हे; संच धूळ खात उभे असतात आणि ते चालू ठेवणारा माणूस नसतो. कुशल प्रयोगशाळा सहायक, ज्याला कोणत्या पंपाची सील गळते आणि कोणता तापमापी दोन अंश कमी दाखवतो हे ठाऊक असते, निवृत्त झाला की ती जागा रिकामी राहते किंवा तासिका तत्त्वावर भरली जाते, आणि मग वर्ष-दोन वर्षांत संच नादुरुस्त ठरवून त्यांच्या जागी संगणक मांडले जातात. सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरचे परवानेही फुकट येत नाहीत आणि तेही दरवर्षी नव्याने घ्यावे लागतात, ही बाब खर्चाच्या तुलनेतून बहुधा सुटते. ज्या महाविद्यालयाला यंदा यांपैकी एकाच गोष्टीवर खर्च करणे परवडणार आहे, त्याने नवा संच आणि नवा परवाना दोन्ही मागे ठेवून आधी सहायकाची ती जागा पूर्ण वेतनावर भरावी.